बुसोनचं बर्फाळ शहर आणि माझी शाई

मंडळी, जपानी चित्रकार-कवी योसा बुसोनच्या (1716–1784) रात्रीच्या बर्फाळ शहराच्या चित्राची नक्कल अजून पुरती झालेली नाही, पण आकाश जमू लागलंय. तेवढ्यासाठीच ही नोंद.

मूळ चित्र उंचीला जेमतेम 28 सेंटिमीटर आणि रुंदीला जवळजवळ 130. मागे डोंगरांची रांग (क्योतोचा हिगाशियामा असावा, असं बहुतेक जाणकार मानतात) आणि पायथ्याशी बर्फाखाली दडलेली छपरंच छपरं. छपरांवरचा बर्फ म्हणजे शाई न लागू दिलेली जागा. त्यामुळे घर काढायचं ते त्याच्याभोवतीचा अंधार काढून. हे हाताला पटायला फार वेळ लागतो, कारण कुंचला घेतला की हात आधी घराचीच रेघ ओढायला धावतो.

आकाशाबद्दल आता एक गोष्ट ठामपणे सांगतो: एकसारखा हात फिरवला की आकाश मरतं. बुसोनचं आकाश डागाळलेलं आहे, कुठे दाट, कुठे विरळ, आणि त्यावर शिंपल्यांच्या भुकटीचा पांढरा रंग, म्हणजे गोफुन, शिंपडलेला. त्या असमानपणामुळेच बर्फ अजून पडतोय असं वाटतं. मी शाईची कांडी उगाळून तीन वाट्या करतो: काळी, करडी आणि नुसतं गढूळ पाणी. कागद ओला असतानाच तिन्ही एकमेकींत सोडतो. कागदाला सरस-तुरटीचा हात दिलेला हवा, नाहीतर छपरांच्या कडा फुटतात. गोफुन सरसात चांगलं मळून घ्या, वाळल्यावर झडत नाही. शेवटी काही खिडक्यांना फिकट तांबूस रंगाचा नुसता स्पर्श. तेवढ्यानं आत माणसं राहतात हे कळतं, आणि मला तरी चित्रातली सगळ्यात मायेची जागा तीच वाटते.

या चित्रावर ‘शाइन’ अशी सही आहे. ती तो 1778पासून करू लागला, म्हणजे हे साठी उलटलेल्या माणसाचं काम. तोवर त्याचं बरंच जगून झालं होतं. ओसाकाजवळच्या केमा गावचा जन्म, विशीच्या सुमारास एदोला (आजचं टोकियो), तिथे हायानो हाजिनकडे काव्याचे धडे. 1742मध्ये गुरू गेले आणि हा थोर हायकूकार बाशोच्या वाटेनं ईशान्येकडे कित्येक वर्षं भटकला. 1751मध्ये क्योतोला आला, मधली काही वर्षं तांगो प्रांतात काढली. पोट भरलं ते चित्रांवर. चिनी चित्रं आणि चित्रकलेच्या छापील पोथ्या पाहून तो बराचसा स्वतःच शिकला. 1771मध्ये चित्रकार इके नो ताइगासोबत त्यानं जी चित्रांची वही केली, तीही एका चिनी कवीच्या कवितांवरच.

आता हायगाकडे वळतोय, म्हणजे हायकू आणि चित्र एकाच कागदावर. बाशोचं प्रवासवर्णन बुसोननं स्वतःच्या अक्षरात उतरवून मध्ये मध्ये माणसं रेखाटली, ते गुंडाळीपट मी सध्या रोज पाहतो. चार-पाच रेघांत म्हातारा, घोडा, निरोप देणारे मित्र. चेहऱ्याला दोन ठिपके पुरतात. सरावासाठी घेतलाय बुसोनचा 1777चा हायकू:

पावसाची झड
थोरल्या नदीच्या समोर
दोन घरं

इथे घरं काढायची नाहीत असं मी ठरवलंय. शब्दांत घरं आहेतच, चित्रानं तीच पुन्हा सांगितली तर वाचणाऱ्याला करायला काय उरलं? म्हणून फक्त पाणी, ओल्या कुंचल्याची एक आडवी फरफट.

खरी अडचण आपल्या लिपीची. जपानी ओळ वरून खाली उतरते, पावसासारखी, आणि चित्राच्या कडेला सहज मावते. देवनागरीची शिरोरेघ आडवी पडली की नदीवर दुसरी नदी ओढल्यासारखं दिसतं. शिरोरेघ तोडून, प्रत्येक शब्द सुटा आणि थोडा खाली सरकवत लिहून पाहिलं, तेव्हा कागदाला पहिल्यांदा श्वास मिळाला. काना आणि वेलांटी लांब ओढल्या की उभी गतीही येते. पुढच्या खेपेला शिरोरेघ पूर्ण गाळून बघणार आहे. तुमच्यापैकी कुणी बारीक कुंचल्यानं मराठी लिहीत असेल, तर केस मऊ घेता की ताठ, ते जरूर कळवा.