एवढी खोड राहू द्या

जुन्या मोटारी पूर्ववत करून देण्याच्या व्यवसायात ग्राहकाची अपेक्षा बहुधा एका वाक्यात संपते: गाडी कारखान्यातून निघाली होती तशी दिसली पाहिजे. त्यामुळे एका वयस्क बाईंनी आपल्या पहिल्या गाडीविषयी जवळजवळ उलट मागणी केली, तेव्हा जॉब कार्ड भरण्याचे अर्ध्या तासाचे काम दिवसभर चालणार, हे माझ्या लक्षात आले.

गाडी होती फियाट 1100, पहिल्या मालिकेतली. हे मॉडेल 1953 साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आले. 1089 सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, मागच्या चाकांना गती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, अशी तिची साधी रचना होती. पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या कडेला असल्यामुळे ती दारे पुढच्या बाजूने उघडत. बाईंनी ती तरुणपणी, नोकरीला लागल्यावर थोड्याच काळात, दुसऱ्या कुणाची वापरलेली म्हणून विकत घेतली होती. रात्रपाळी संपवून एकटीने घरी परतता यावे, हा त्यामागचा हेतू होता. पुढे मोठी गाडी आली आणि ही आच्छादनाखाली गेली. आता मुलीला ती आईला भेट म्हणून नवी कोरी करून द्यायची होती, आणि इंजिन सुरू करण्याचा त्रास नको म्हणून जमल्यास इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनही बसवून हवे होते. आई शेजारी शांतपणे उभ्या होत्या. इंजेक्शनचा उल्लेख आल्यावर मात्र त्या म्हणाल्या, “मग ती माझी गाडी कशी राहील?”

बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला मी नेहमी एकच प्रश्न विचारतो, की ती चालत होती तेव्हा कशी चालायची. बहुतेकांना मायलेज आणि रंग एवढेच आठवते. बाईंना सगळे आठवत होते, आणि तेही तक्रारीच्या सुरात नव्हे. थंड सकाळी चोक पूर्ण ओढायचा, पण ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, नाहीतर पुढची पंधरा मिनिटे गाडी ढिम्म हलायची नाही. दुपारच्या उन्हात लांबचा चढ चढताना इंजिन आचके देऊन बंद पडायचे, तेव्हा बॉनेट उघडून ए. सी. पंपावर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर, ओले फडके ठेवायचे आणि निवांत थांबायचे. डावीकडे पूर्ण वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा. उतारावर तिसरा गिअर सुटायचा, म्हणून दांडा डाव्या हाताने धरून ठेवायचा. टाकी पूर्ण भरली की मागच्या सीटवर पेट्रोलचा वास यायचा, म्हणून त्या कधीच पूर्ण भरत नसत.

मी लिहून घेत होतो आणि मनातल्या मनात निदान जुळवत होतो. चोक ओढल्यावर हवा कमी होऊन पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधीच दाट असते. त्यात ॲक्सिलरेटर दाबला की हे मिश्रण तयार करणारा कार्ब्युरेटर आणखी कच्चे पेट्रोल आत सोडतो आणि ठिणगी पाडणारे प्लग भिजतात. ए. सी. पंप इंजिनलाच बोल्टने बसवलेला असतो, त्यामुळे चढावर इंजिन तापले की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ पुढे ढकलू शकत नाही. ओल्या फडक्याने ती वाफ पुन्हा द्रवरूप होते, त्यामुळे बाईंचा उपाय शास्त्रशुद्ध होता. हॉर्नचे कारण म्हणजे स्टिअरिंगच्या नळीतल्या तारेचे झिजलेले वेष्टन, आणि वासाचे कारण म्हणजे टाकीच्या तोंडाशी असलेला तडकलेला रबरी पाइप. अनेक वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाविषयी इतकी अचूक माहिती मला आजवर कोणत्याही यंत्राने दिलेली नाही. हाताखालचा तरुण सहकारी स्कॅनर जोडून दोषांचे कोड वाचण्यात तरबेज आहे, पण या गाडीला स्कॅनर जोडायला जागाच नाही. तो बाईंसमोर वही घेऊन बसला, हे मला बरे वाटले.

खरी चर्चा त्यानंतर सुरू झाली. यादीतले काय दुरुस्त करायचे आणि काय तसेच ठेवायचे, हे बाईंना स्वतः ठरवायचे होते. ब्रेकच्या बाबतीत मी कोणतीही सवलत दिली नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर आतून गंजतात. शिवाय त्या काळातल्या अशा गाड्यांना ब्रेकचा एकच हायड्रॉलिक मार्ग असे, म्हणजे एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जात. हे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली, कारण एकदा पेडल तळाला गेल्यावर केवळ गिअर उतरवत आणि इंजिनाच्या ओढीवर गाडी थांबवल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. दारांबद्दलही मी ठाम राहिलो. मागे बिजागरी असलेले दार चालत्या गाडीत सुटले तर वारा ते बंद करण्याऐवजी फेकून उघडतो, त्यामुळे झिजलेल्या कुलपाशी तडजोड नको. उघडी पडलेली तार ठेवणेही मला मान्य नव्हते. हॉर्न जाणार म्हटल्यावर त्यांना खरोखर वाईट वाटले. “वळणावरचे लोक मला आवाजावरून ओळखायचे,” असे त्या म्हणाल्या आणि लगेच स्वतःच हसल्या.

चोक राहिला, कार्ब्युरेटर राहिला. तिसरा गिअर सुटणार नाही अशी दुरुस्ती करायची, पण गिअरच्या दांड्याचा सैलपणा घालवायचा नाही, असे ठरले. सांध्यांचे बुश बदलले असते तर दांडा घट्ट झाला असता आणि नवख्या माणसालाही दुसरा गिअर सापडला असता. पण बाईंचा हात तो सैलपणा गृहीत धरूनच चालत होता. पहिल्या गिअरला सिन्क्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना वेग आपोआप जुळवणारी सोय, नसणे हा तर दोषच नव्हे, ती मूळ रचना आहे. चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच करावा लागतो, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून इंजिनाचा वेग जुळवायचा आणि मग पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. मुलीला हे अडचणीचे वाटले. आईला मात्र ते आपल्या तरुणपणातले एक कमावलेले कौशल्य वाटत होते, आणि मला वाटते त्यांचेच बरोबर होते.

पहिल्या गाडीविषयी माणसे इतक्या जिव्हाळ्याने का बोलतात, याचा विचार मी या धंद्यात अनेकदा केला आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात अधिक संख्येने वर येतात, हे मानसशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे, आणि पहिली गाडी नेमकी त्याच काळात येते. पण माझ्या मते एवढ्याने भागत नाही. त्याच वयात घेतलेल्या घड्याळाविषयी कुणी असे तासभर बोलत नाही. पहिली गाडी बहुधा जुनी, वापरलेली आणि खोडकर असते, त्यामुळे तिच्याशी जमवून घ्यावे लागते, आणि ते जमवून घेणे हातापायांत मुरते. न कुरकुरता चालणाऱ्या गाडीत असे मुरण्यासारखे काही नसते. पुढच्या पिढीची माणसे आपल्या पहिल्या गाडीच्या टचस्क्रीनविषयी याच मायेने बोलतील का, याविषयी मला शंका आहे. अर्थात ही एका मेकॅनिकची एकांगी शंका असू शकते.

पुढचे काम नेहमीचेच होते. इंजिनाचे हेड उतरवून व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीट कठीण धातूच्या बसवल्या, कारण पूर्वीच्या पेट्रोलमधले शिसे त्या सीटचे झिजेपासून रक्षण करीत असे आणि शिसेयुक्त पेट्रोलची गाड्यांसाठीची विक्री 2021 साली जगभरातून संपली. इथेनॉलमिश्रित इंधन जुने रबर खराब करते, म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सर्व पाइप आणि पंपाचा पडदा बदलला. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड तुकडाही घातला. तेव्हा बाईंनी फोनवर विचारले, “म्हणजे फडके लागणार नाही?” बहुधा लागणार नाही, असे मी सांगितले. पण फडके डिकीत ठेवायला हरकत नाही, असेही जोडले.

गाडी नेण्याच्या दिवशी ती सुरू करून दाखवण्याची इच्छा माझ्या तरुण सहकाऱ्याला होती, कारण इग्निशनचे आणि कार्ब्युरेटरचे काम त्याने केले होते. त्याने चोक ओढला, किल्ली फिरवली आणि सवयीने ॲक्सिलरेटर दोनदा दाबला. इंजिन फिरत राहिले, पेटले नाही. त्याने पुन्हा दाबला. बाई खिडकीशी वाकून म्हणाल्या, “अरे, पाय काढ आधी, मी तुला लिहून घ्यायला सांगितलं होतं ना?” त्याने वही आणली, स्वतःच्याच अक्षरातली ओळ वाचली आणि प्लग काढून पुसायला घेतले.