हरळीचं लॉन: उन्हाळ्यापासून हस्तापर्यंतच्या नोंदी

यंदाची नोंद मी नक्षत्रांप्रमाणं ठेवली आहे. आपल्याकडं जमिनीची कामं पावसावर चालतात, कॅलेंडरवर नाहीत. घर कोल्हापूरजवळ कळंब्याच्या अंगाला आहे, पुढं साधारण तीनशे चौरस फुटांचं अंगण, माती काळी. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती चपलेला धरून बसते. कोल्हापुरात पहिल्यांदाच लॉन करायला निघालेल्यांना माझं सांगणं एवढंच, की गवत कुठलं आणायचं ते मागाहून ठरवा. आधी त्या मातीत पाणी मुरेल कसं आणि हवा शिरेल कशी ते बघा.

उन्हाळा

मातीची परीक्षा घरच्या घरी होते. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्यायची, वर पाणी भरायचं, खळखळून हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा दोन-तीन तासांत, आणि चिकण खाली बसायला दिवस उलटतो. माझ्या बरणीत वाळूचा थर नखाएवढा होता आणि दुसऱ्या दिवशीही वरचं पाणी गढूळच. अशा मातीत चार पाट्या वाळू टाकून फरक पडत नाही. तिला सेंद्रिय पदार्थच लागतो, आणि तोही भरपूर.

तो कोल्हापुरात विकत आणावा लागत नाही. रसवंतीवाल्यांकडं चिपाडाचे ढीग पडलेले असतात, मागितलं की पोतं भरून देतात. गावाकडं ऊस असेल तर पाचट आहेच. गोठ्यातलं शेण गल्लीच्या टोकाला मिळतं. फक्त चिपाड तसंच मातीत गाडायचं नाही. त्यात कर्ब फार आणि नत्र कमी, त्यामुळं कुजवणारे जिवाणू आजूबाजूच्या मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि वरचं गवत पिवळं पडतं. म्हणून आधी कोयत्यानं बोटाएवढे तुकडे, मग चिपाडाचा थर, शेणकाल्याचा थर, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचा थर, आणि अधूनमधून मूठभर जुनं खत. ढीग कंबरेएवढा तरी हवा, त्याहून लहान ढीग तापत नाही. आठवड्यानं त्यात लोखंडी सळई खुपसून ठेवली आणि थोड्या वेळानं काढली तर हातात धरवत नव्हती. आतली उष्णता 55 अंशांच्या वर गेली की तणांचं बी बऱ्यापैकी मरतं. मग ढीग खालीवर करायचा आणि कोरडा वाटला तर पाणी शिंपडायचं. मूठ दाबल्यावर ओल जाणवावी, पाणी टपकू नये. तयार खताला शेणाचा वास राहत नाही, पहिल्या पावसातल्या मातीचा येतो.

रोहिणी

वळीव झाला आणि मी लगेच भुंगेऱ्यांच्या मागं लागले. या भुंगेऱ्यांची मुळं खाणारी अळी म्हणजे हुमणी. ती उसाची कीड, आपल्या अंगणाला तिचं काय, असं नवख्यांना वाटतं. शेजारच्या आण्णांचा ऊस आहे, ते म्हणाले, "वैनी, हुमणीला ऊस काय आन् लॉन काय, मुळी मिळाल्याशी मतलब. तुमच्या लिंबावर भुंगेरं बसलं का बघा आधी."

त्यांचं खरं आहे. हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. वळवाच्या पावसानं जमीन भिजली की तिन्हीसांजेला भुंगेरे बाहेर पडतात, कडुलिंबावर नाहीतर बाभळीवर जमतात, पाला खातात आणि पहाटे जमिनीत जाऊन अंडी घालतात. ही एकच वेळ अशी आहे की शत्रू उघड्यावर असतो. संध्याकाळी लिंबाखाली जुनी साडी पसरली, काठीनं फांद्या झोडपल्या आणि पडलेले भुंगेरे थोडं रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकले. शिवाय टबात साबणाचं पाणी भरून वर बल्ब टांगला. हा बल्ब अंधार पडल्यापासून दोनेक तासच ठेवावा. रात्रभर ठेवला तर मित्रकीटकही त्यात पडतात. आमच्या गल्लीतल्या पोरांनी हे काम अंगावर घेतलं आणि तीन-चार घरांचे लिंब एकदमच झोडपून काढले. एकट्याच्या अंगणापुरतं करून भागत नाही, भुंगेरे कुंपण मानत नाहीत.

मृग

लागवड. गवत निवडताना मी साधी हरळीच घेतली, म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वा. नर्सरीत गालिच्यासारखं गुंडाळून मिळणारं लॉन दिसायला झटपट असतं, पण त्याच्या तळाशी वेगळी माती असते आणि खाली आपली काळी. त्या दोन थरांच्या मध्ये पाणी अडून राहतं. हरळी उन्हाळ्यात करपते आणि पाऊस पडला की गाठीतून पुन्हा फुटते. तिला दिवसाचं पाच-सहा तास ऊन मात्र हवंच.

आधी घराकडून फाटकाकडं हलका उतार काढला. वरच्या सहा इंचात खत मिसळून माती खोरं-दाताळ्यानं सारखी केली. हरळीच्या दोन-तीन पेरांच्या काड्या चार-चार बोटांवर लावल्या, एक पेर मातीत आणि एक वर. काड्या आणताना बारकाईनं बघा, त्यांच्यात लव्हाळ्याची गाठ आली तर पुढची दोन वर्षं ती उपटण्यात जातात. लव्हाळ्याचा दांडा चिमटीत फिरवला की तिन्ही कडा बोटाला लागतात, हरळीच्या दांड्याला तशा कडा लागत नाहीत. नुसती पात उपटली तर खालची काळी गाठ जागेवरच राहते आणि तिच्यातून नवे कोंब येतात. खुरप्याच्या टोकानं माती सैल करत तो दोऱ्यासारखा धागा धरायचा आणि गाठीपर्यंत पोचायचं, एका धाग्यावर पुढं दुसरी गाठ असतेच. मला हे काम आवडतं, वेळ कसा जातो कळत नाही.

आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य

पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा, दोन्ही पाऊस यंदा चांगले लागले. या दिवसांत अंगणात पाय ठेवायचा नाही, एवढंच काम. ओल्या काळ्या मातीवर चाललं की ती दबते आणि आतली हवा निघून जाते. कडेनं फिरून बघायचं. उतारामुळं पाणी कुठं साचलं नाही आणि उन्हाळ्यात कुजवलेल्या चिपाडाच्या खताचं सार्थक झालं. कुंपणावरच्या दोडक्याला फळमाशी लागायच्या आत क्यू-ल्यूरचा, म्हणजे नर माश्यांना वासानं ओढणारा सापळा टांगला, पहिल्याच आठवड्यात डबीत माश्या दिसू लागल्या.

आश्लेषा, मघा

उघडीप मिळाली तशी पहिली कापणी. पातीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग एका वेळी कापायचा नाही, म्हणजे तीन इंचाची पात दोन इंचावर. खरवडून कापलेलं लॉन दोन दिवस छान दिसतं, मग मुळं उथळ राहतात आणि मोकळ्या जागी तण घुसतं. विळ्याला धार हवी, भोथऱ्या पात्यानं टोकं फाटून पांढरी होतात. कापलेलं बारीक गवत मी तिथंच पसरू देते, त्यातलं नत्र परत मातीतच जातं.

याच सुमारास जीवामृत सुरू केलं. वीस लिटर पाणी, एक किलो देशी गाईचं ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, दोन-तीन दिवसांत वापरायला तयार होतं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. गूळ काळपट, बिनमसाल्याचा घ्यावा. पिवळाधमक दिसावा म्हणून ज्यात रसायन घालतात तो गूळ जिवाणूंच्या कामाचा नाही.

उत्तरा, हस्त

फाटकाजवळ ताटाएवढा तुकडा पिवळा पडला. पाणी होतं, ऊन होतं. हातानं गवत ओढलं तर सतरंजी उचलावी तसं अख्खं वर आलं, खाली मुळं उरलीच नव्हती. माती उकरल्यावर इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या निघाल्या, डोकं पिवळसर तांबडं. हुमणीच. भाद्रपदात अळी मोठी झालेली असते आणि तिची भूक याच वेळी सगळ्यात जास्त असते. उकरलेल्या जागेवर साळुंक्या आणि गायबगळे लगेच आले, त्यांना तासभर मोकळीक दिली. मग चाळलेल्या खतात मेटारायझियम बुरशी मिसळून संध्याकाळी ओल्या मातीवर पसरली. ही बुरशी हळू काम करते, तिला ओल लागते आणि ऊन चालत नाही. लागण झालेली अळी आधी पांढरी आणि मग हिरवी होते. दोन-तीन आठवड्यांनी उकरल्यावर मला अशा हिरव्या अळ्या मिळाल्या आणि फार आनंद झाला.

इथं एक सांगून ठेवते. खताच्या ढिगातही तशाच पांढऱ्या अळ्या निघतात आणि लोक घाबरून सगळं खत फेकून देतात. अळी फरशीवर ठेवून बघा. पाठीवर उताणी होऊन सरकत निघाली तर ती फुलांवर बसणाऱ्या भुंग्याची अळी, ती कुजलेला काडीकचराच खाते आणि खत बारीक करून देते. तिला परत ढिगात सोडा.

श्री. अ. दाभोळकरांनी कोल्हापुरात राहून प्रयोग परिवार उभा केला, त्याची रीतच ही होती: आपल्या परसात करून बघायचं, दिसलं ते लिहायचं आणि दुसऱ्याला कळवायचं. म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आता पिवळ्या तुकड्यात नव्या काड्या लावल्या आहेत आणि सगळीकडं चाळलेल्या खताचा अर्धा इंच थर देणं चालू आहे. आंब्याखाली हरळी विरळ झाली, तिथं सावली फार आहे. तो कोपरा मी गवतातून काढला, पाचटाचं आच्छादन टाकलं आणि येत्या उन्हाळ्यात तिथं हळदीचे गड्डे लावणार आहे. सावलीत हळद किंवा आलं कुणी घेतलं असेल तर पान करपतं का आणि गड्डा किती भरतो ते जरूर सांगा.