मेलचा पासवर्ड काढून टाकला, त्याची नोंदवही

पहिला शनिवार

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याला लॉग वाचायची खोड असतेच. माझ्या लॉगमध्ये दिवसरात्र कोणीतरी 'अ‍ॅडमिन', 'इन्फो', 'टेस्ट' अशा नावांनी पासवर्ड लावून बघत असतं. आत कोणी शिरलेलं नाही, पण ही ठोकठोक बघून बघून डोकं उठलं होतं. शेवटी ठरवलं, कुलूप बदलत बसण्यापेक्षा किल्लीचं भोकच बुजवून टाकू. पासवर्ड हा प्रकारच सर्व्हरवर नको.

सामान असं: सर्व्हरवर डोव्हकॉट २.३ (डाक वाचू देणारा) आणि पोस्टफिक्स (डाक पाठवणारा), मेल वाचायला लॅपटॉपवर थंडरबर्ड, फोनवर के-नाईन. ओ-ऑथचा (पासवर्डऐवजी टोकन दाखवायची पद्धत) विचार केला आणि सोडला. एका माणसाच्या डाकेसाठी टोकन वाटणारा वेगळा सर्व्हर सांभाळणं म्हणजे नुसता उपद्व्याप. त्यापेक्षा क्लायंट सर्टिफिकेट, म्हणजे मेल वाचणाऱ्या प्रोग्रॅमने दाखवायचं डिजिटल ओळखपत्र, बरं.

एरवी टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं कनेक्शन, जुळताना फक्त सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो. इथे तो क्लायंटकडेही मागतो. क्लायंट ते दाखवतो आणि त्याची खाजगी की आपल्याकडे असल्याचं सही करून सिद्ध करतो. मग आयमॅपच्या (मेल वाचायच्या प्रोटोकॉलच्या) पातळीवर पासवर्डऐवजी 'एक्स्टर्नल' ही पद्धत वापरायची, म्हणजे क्लायंट म्हणतो, 'मी कोण ते खालच्या थराला विचार.' ही पद्धत २००६ च्या आरएफसी ४४२२ या इंटरनेटच्या मानकातच आहे, नवं काही नाही.

ओपनएसएसएल या टूलने घरगुती सीए (सर्टिफिकेटांवर सही करणारा) बनवला आणि तीन सर्टिफिकेटं काढली: लॅपटॉप, फोन आणि एक राखीव. तिन्हींचं कॉमन नेम एकच, माझं युजरनेम, कारण डोव्हकॉट नाव तिथूनच उचलणार. कोणतं उपकरण कोणतं, ते ऑर्गनायझेशनल युनिटच्या रकान्यात लिहिलं. सीएची खाजगी की पेनड्राइव्हवर टाकली आणि तो ड्रॉवरमध्ये. हा शहाणपणा पुढे अंगाशी आला, त्याबद्दल नंतर.

इथे एक चूक हमखास होऊ शकते. क्लायंट तपासायला डोव्हकॉटला जी सीएची फाइल देतो, तिच्यात फक्त आपला सीए हवा. सिस्टिममधला जगभरच्या सीएंचा गठ्ठा तिथे जोडला, तर त्यांच्यापैकी कोणीही तुमच्या युजरनेमचं सर्टिफिकेट कोणाला दिलं की तो तुमच्या डाकेत. सर्व्हरचं स्वतःचं सर्टिफिकेट मात्र आधीसारखंच सार्वजनिक सीएचं राहू दे.

रविवार

डोव्हकॉटमध्ये चार गोष्टी: क्लायंट सर्टिफिकेट तपास, ते नसेल तर लॉगिन नाकार, युजरनेम सर्टिफिकेटमधून घे, आणि 'एक्स्टर्नल' चालू कर. तिसरी राहिली तर सर्टिफिकेट खरं असूनही सर्व्हरला नाव कळत नाही. माझ्याकडून तिसरी नाही, दुसरीच राहिली.

सर्टिफिकेटवाल्याला पासवर्ड विचारायचा नाही म्हणून पासवर्ड तपासणीच्या जागी 'स्टॅटिक' ड्रायव्हर (सगळ्यांना एकच ठरलेलं उत्तर देणारा) आणि त्यात 'नोपासवर्ड' असं लिहिलं. अडीअडचणीला असावी म्हणून जुनी 'प्लेन', म्हणजे पासवर्डची, पद्धतही यादीत राहू दिली. लॅपटॉपवरून लॉगिन झालं, मी खूश. सहज म्हणून सर्टिफिकेट न देता ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने (हाताने कनेक्शन तपासायची कमांड) आयमॅपच्या ९९३ पोर्टवर गेलो, युजरनेम दिलं आणि पासवर्ड म्हणून 'एबीसी' टाकला. उत्तर आलं, लॉग्ड इन.

दोन मिनिटं तसाच बसलो. 'नोपासवर्ड'चा डोव्हकॉटच्या लेखी अर्थ 'पासवर्ड चालणार नाही' असा नाही, 'कोणताही पासवर्ड चालेल' असा आहे. म्हणजे दार बुजवण्याच्या नादात मी भिंतच पाडून ठेवली होती. सर्व्हिस आधी बंद केली. लॉग उपसला, त्या वीसेक मिनिटांत माझ्याशिवाय कोणी आलेलं नव्हतं. मग पद्धतींच्या यादीत एकटं 'एक्स्टर्नल' ठेवलं, सर्टिफिकेट सक्तीचं केलं, आणि त्या स्टॅटिक पासडीबीलाही (पासवर्ड तपासायची सेटिंग) फक्त 'एक्स्टर्नल'पुरतं बांधून टाकलं (ही सोय २.२.३० पासून आहे). उद्या कोणी, म्हणजे मीच, चुकून 'प्लेन' परत लिहिलं तरी ते उघडणार नाही.

तेव्हा मंडळी, लॉगिन होतंय एवढं बघून उठू नका. सर्टिफिकेटशिवाय, दुसऱ्या सीएच्या सर्टिफिकेटने आणि वाटेल त्या पासवर्डने, तिन्ही तऱ्हांनी नकार येतोय ना, ते बघा.

थंडरबर्डचं काम दहा मिनिटांचं. पी-ट्वेल्व्ह फाइल (सर्टिफिकेट आणि की एकत्र बांधलेली) 'युवर सर्टिफिकेट्स'मध्ये आयात केली, अकाउंटच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ऑथेंटिकेशन 'टीएलएस सर्टिफिकेट' केलं. फोनने मात्र रडवलं. जुना अँड्रॉइड तीच फाइल घेईना, फाइलचा पासवर्ड चुकीचा म्हणे. पासवर्डमुक्तीच्या दिवशी एकच पासवर्ड सात वेळा टाइप केला. दोष एन्क्रिप्शनचा होता. ओपनएसएसएल ३ पासून पी-ट्वेल्व्ह फाइल नव्या पद्धतीने बांधली जाते आणि जुन्या फोनला ती वाचता येत नाही. 'लेगसी' हा पर्याय देऊन फाइल पुन्हा काढली, फोनने निमूट घेतली.

दुसरा शनिवार

पाठवायची बाजू. थंडरबर्डच्या एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवायच्या, सेटिंगमधल्या यादीत मला 'टीएलएस सर्टिफिकेट' हा पर्यायच दिसला नाही. तिथे 'नो ऑथेंटिकेशन' ठेवायचं. ऐकायला भयंकर आहे, पण सर्व्हरने मागितलं की क्लायंट सर्टिफिकेट देतोच. पोस्टफिक्सला फक्त ४६५ पोर्टवर, जिथून आपण डाक पाठवतो, ते मागायला सांगितलं. २५ वर नको, तिथे बाहेरचे सर्व्हर डाक घेऊन येतात, त्यांना आपल्या ओळखपत्राशी काय देणंघेणं.

पोस्टफिक्स इथे सीएच्या भानगडीत न पडता ठसा बघतो. सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट यादीत असेल तर पुढे जा. मी शा-२५६ पद्धतीचा ठसा लिहिला आणि प्रत्येक पत्र परत. लॉगमधला ठसा मोजला तर दोन-दोन अक्षरांच्या १६ जोड्या, माझ्या यादीतला ३२ जोड्यांचा. ३.६ च्या आधीच्या पोस्टफिक्समध्ये ठशासाठी मुळातली निवड एमडी-५ ही पद्धत आहे. ती बदलली आणि पत्र निघालं.

हाताने तपासणाऱ्यांसाठी एक गंमत: एस-क्लायंटमध्ये कॅपिटल 'आर'ने सुरू होणारी ओळ म्हणजे त्याच्या लेखी 'पुन्हा वाटाघाटी कर' असा हुकूम. त्यामुळे 'आरसीपीटी टू' (पत्र कोणाला ते सांगणारी ओळ) लिहिलं की कनेक्शन कोलमडतं आणि आपण पोस्टफिक्सला शिव्या घालतो. ती ओळ इंग्रजी लहान अक्षरांत लिहा.

पहिलं पत्र दुसऱ्या खात्यात उघडून हेडर बघितलं. 'रिसीव्हड'च्या ओळीत माझं युजरनेम आणि सीएचं नाव, दोन्ही छापलेली. सीएचं नाव मी गमतीत 'खडूस वॉचमन' ठेवलं होतं. हेडरमध्ये टीएलएसचा तपशील टाकायची सेटिंग मुळात बंदच असते, मीच कधीतरी कौतुकाने चालू केलेली. बंद केली.

महिन्याभरानंतर, एका मंगळवारी

सकाळी डाक बंद. लॅपटॉप, फोन, दोन्हीकडे. थंडरबर्ड काही धड सांगेना. सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळ: सीआरएलची मुदत संपली.

डोव्हकॉट २.३ ला सीएच्या फाइलमध्येच रद्द सर्टिफिकेटांची यादी, म्हणजे सीआरएल, लागते. ती सक्ती मुळातच चालू असते. मी पहिल्या दिवशी रिकामी यादी काढून जोडली होती. ओपनएसएसएलच्या नमुना सेटिंगमध्ये तिची मुदत ३० दिवस. सर्टिफिकेटांची मुदत मी कॅलेंडरमध्ये लिहून ठेवली होती, पण एकही नाव नसलेली यादी शिळी होईल हे डोक्यातच आलं नाही.

नवी यादी क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा प्रोग्रॅम) काढावी, तर तिच्यावर सही करायला सीएची की लागते, आणि ती ड्रॉवरमध्ये. की सर्व्हरवर आणून ठेवली तर सर्व्हर हाती लागलेला माणूस हवी तेवढी सर्टिफिकेटं छापेल. सक्ती बंद केली तर चोरीला गेलेला फोन डोव्हकॉटपुरता रोखायचा कसा? पोस्टफिक्समध्ये यादीतली एक ओळ पुसली की फोन बाद, ती पद्धत मला आता जास्त आवडायला लागली आहे.

तूर्त यादी १८० दिवसांची काढली आणि १५० व्या दिवशी पेनड्राइव्ह शोधायची आठवण लावली. क्रॉन फक्त मुदत तपासतो आणि ३० दिवस उरले की कळवतो. कळवतो मेलनेच, हे लिहिताना लक्षात आलं. तो दुसऱ्या खात्यावर वळवतो आता.

लॉगमधली ठोकठोक चालूच आहे. फरक इतकाच की आता ती माणसं पासवर्ड सांगायच्या आधीच परत जातात.

पुढचं काम लॅपटॉपची की फाइलमधून काढून हार्डवेअर टोकनवर न्यायचं. सध्या ती थंडरबर्डच्या प्रोफाइलमध्ये आहे आणि तिच्यावर राखण म्हणून प्रायमरी पासवर्ड लावलाय. हो, पासवर्डच.