शांतिवनमला बायबल वाचायला शिकताना

लेक्सिओ डिव्हिना, म्हणजे प्रार्थनेच्या अंगानं केलेलं बायबलवाचन, शिकायला तामिळनाडूत कशाला जायचं, असं घरी विचारलं. प्रश्न रास्त होता. वसईत पावलापावलावर चर्च आहे, रिट्रीटही, म्हणजे प्रार्थना-शिबिरं, होतात. पण आमच्याकडची रिट्रीट म्हणजे प्रवचनावर प्रवचन, मध्ये गाणी आणि दुपारी जेवून पेंगणं. मला बोलणारं कुणी नको होतं. सोबत वारकरी घरातला एक मित्र आला. त्याला कावेरी बघायची होती.

शांतिवनम, म्हणजेच सच्चिदानंद आश्रम, करूर जिल्ह्यात कुळित्तलैजवळ तन्नीरपळ्ळीला कावेरीच्या काठावर आहे. ज्यूल मोंशानँ आणि आंरी ल सो या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी १९५० साली तो सुरू केला. ल सो यांनी पुढे अभिषिक्तानंद हे नाव घेतलं. १९६८ मध्ये बीड ग्रिफिथ्स हे इंग्रज बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या पंथातले, संन्यासी इथं आले. १९९३ मध्ये ते गेले, तोवर आश्रम जगभर माहीत झाला होता.

आधी तिरुचिरापल्ली गाठायची. तिथून करूरच्या रस्त्यावरची बस धरा आणि कंडक्टरला ‘शांतिवनम आश्रम’ एवढंच सांगा. रेल्वेनं कुळित्तलै स्टेशनही जवळ पडतं, पुढे रिक्षा. जागा आहे का हे आधी लिहून विचारा, न सांगता थडकू नका. उन्हाळ्यात या भागात जाण्याच्या फंदात पडू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस गाठतो. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. जेवण शाकाहारी, जमिनीवर बसून. वसईकरानं मासळी विसरून जावी.

देऊळ दाक्षिणात्य पद्धतीचं. सकाळच्या प्रार्थनेला चंदन, दुपारी कुंकू, संध्याकाळी विभूती. स्तोत्रांच्या जोडीला उपनिषदं, गीता आणि तमिळ संतांचं वाचन. आमच्या काही मंडळींना हे पाहून कसंतरी होतं, हे मला माहीत आहे. मला झालं नाही. मित्र मात्र पहिल्याच दिवशी घरच्यासारखा मांडी ठोकून बसला.

शिकवणी अशी काही नाही. न्याहारीनंतर आम्ही भाजी चिरायला बसलो होतो, तिथंच एका वयस्कर संन्याशांना विचारलं, ‘स्वामीजी, लेक्सिओ शिकवाल?’ त्यांनी उलट विचारलं, रोज किती वाचता? मी जरा ताठ होऊन सांगितलं, एक अध्याय. ‘फार होतं,’ म्हणाले आणि पुढचा दुधी उचलला.

त्यांनी दिली ती मार्कच्या शुभवर्तमानातली सात वचनं: १०व्या अध्यायातली ४६ ते ५२. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी बार्तीमय. ओठ हलतील इतपत आवाजात, सावकाश वाचायचं. मग पुन्हा. एखादा शब्द अडला की तिथंच थांबायचं, पुढं जायची घाई नाही. बाराव्या शतकातल्या गिगो दुसरा या कार्थुजियन (मौन पाळणारा एक ख्रिस्ती संन्यासी पंथ) मठाधिपतीनं याची चार पायऱ्यांची शिडी मांडली: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवापाशी असणं. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, असं त्याचंच म्हणणं.

आंब्याखाली बसून वाचलं. काही लागेना. गोष्ट लहानपणापासून पाठ, डोळे आपोआप शेवटाकडे धावतात. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. कधीतरी पन्नासाव्या वचनापाशी अडकलो: येशूनं बोलावल्यावर तो अंगावरचं वस्त्र टाकून उठला. भिकाऱ्याचं वस्त्र ते. दिवसा बहुतेक त्यावरच नाणी पडत असतील, रात्री तेच पांघरूण. आणि त्याला अजून दिसत नाहीये! डोळे मिळाले नाहीत तर या गर्दीत ते परत सापडणार कसं?

इथंच बहुतेकांचं घसरतं. काही सुचलं की ते कुणाला कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव सुरू होते. स्वामीजींनी बजावलं होतं, प्रवचन रचू नका. सुचलेलं तसंच येशूपुढं ठेवायचं, साध्या शब्दांत: माझं वस्त्र कुठलं? उत्तर आलं तर ऐकायचं, नाही तर गप्प बसायचं. मला जे उत्तर मिळालं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

संध्याकाळी नदीवर मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘अरे, नामदेव महाराज तेच सांगून गेलेत की, एक तरी ओवी अनुभवावी. आणि आम्ही सप्ताहात नऊ हजार उरकतो.’

जाणाऱ्यांनी खिशात मावेल असा मराठी नवा करार न्यावा. प्रार्थनेत तमिळ, संस्कृत, इंग्रजी चालतं, पण स्वतःचं वाचन मायबोलीतच मुरतं. टिपा असलेली जाडजूड प्रत घरी ठेवा, नाहीतर सगळा वेळ तळटिपांत जातो. उतारा आदल्या रात्रीच ठरवून टाका. फोन खोलीत, मनगटावर साधं घड्याळ. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत, ४८व्या प्रकरणात, वाचनाच्या वेळी एक-दोन ज्येष्ठांनी मठात फेरी मारावी, कुणी वाचायचं सोडून गप्पा तर छाटत नाही ना हे बघावं, असं लिहिलंय. मोबाइल नव्हता तेव्हाची ही गत.

काही दिवस कोरडे जातात, मला तर बरेच गेले. तेव्हा उतारा बदलू नका. सर्वांनी बायबल वाचावं आणि वाचनाला प्रार्थनेची जोड द्यावी, हे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ सालीच सांगून ठेवलंय, तेव्हा हे संन्याशांचं काम म्हणून सुटकाही नाही.

घरी परतल्यावर येत्या रविवारी चर्चमध्ये वाचला जाणारा शुभवर्तमानाचा उतारा आठवडाभर घ्यावा, म्हणजे उतारा शोधायची कटकट नाही. गटात करायचं तर एकानं वाचावं, प्रत्येकानं अडलेला शब्द तेवढा सांगावा, दुसऱ्याच्या शब्दावर कुणी बोलायचं नाही. आणि चहा नंतर. आधी ठेवला की लग्नांचे विषय निघतात आणि बार्तीमय रस्त्यातच राहतो.