नगरच्या चर्चमधलं भजन

आज मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर नगरला (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय नाही) रविवारच्या उपासनेला गेले होते. पेटी, तबला, झांजा आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं! डोळे मिटले तर सप्ताहात बसल्यासारखं वाटावं.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे एक तर देवदूत, नाहीतर आमिष दाखवणारे. नगरचा इतिहास एवढा सरळ नाही. अमेरिकन मराठी मिशन इथे आलं 1831 मध्ये. शाळा निघाल्या, 1842 ला ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक सुरू झालं, पण बाप्तिस्मा घेणारे कितीतरी वर्षं मोजकेच. खेड्यांतले महार-मांग मोठ्या संख्येने आले ते 1876–78 च्या दुष्काळाच्या आगेमागे. धान्यासाठी धर्म बदलला, हा टोमणा तेव्हापासूनचा. दुष्काळात धान्य हवंच होतं की! पण ज्यांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते, त्यांना पाटी-पेन्सिलही हवी होती, हे टोमणा मारणाऱ्याला कसं दिसणार?

टिळक मात्र कोकणातले ब्राह्मण. 1895 ला ख्रिस्ती झाले, तरी तुकोबांचा हात सुटला नाही. भजन-कीर्तनातून ख्रिस्त सांगत राहिले, आणि 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरीही सोडली. प्रचारकाचा पगार परदेशातून येतो हा आक्षेप आज ऐकू येतो. त्यांनी तो प्रश्न स्वतःपुरता तेव्हाच सोडवला होता.

नगरकरांनो, त्यांच्या भजनांची जुनी छापील प्रत कुणाकडे असेल तर सांगा. मला चाली शिकायच्या आहेत.