मानकऱ्यांचा र

"ह्या 'मानकर्यांचा' कोणाचा गो? आमी मानकरी. मानकर्ये न्हय."

२०१२ सालची, कार्तिकातली दुपार. जत्रेच्या पत्रिकांचा गठ्ठा नुकताच प्रेसमधून आला होता. गावातले एक वयस्कर मानकरी, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, चष्मा कपाळावर सरकवून माझ्या काउंटरपाशी उभे होते. पत्रिकेच्या दुसऱ्या ओळीवर त्यांचं बोट होतं. 'सर्व मानकर्यांचा मान झाल्यावर ओट्या भरण्यास सुरुवात होईल.' पत्रिका पाचशे, आणि निम्म्या त्याच रात्रीच्या गाडीने मुंबईला, चाकरमान्यांकडे जायच्या होत्या.

आबा चिडले नव्हते. त्यांनी सरळ विचारलं, "तुझ्या कॉम्प्युटराक आमचो र येना नाय काय?"

तो प्रश्न मला लागला. देवगडात तहसील कचेरीच्या रस्त्याला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. टायपिंगची, मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा मी १९९६ साली मशीनवर दिली, पुढच्या वर्षी ४० ची. मशीनवर अक्षर तुकड्यातुकड्यांनी जुळवायचं, आधी अर्धा ख मारायचा, मग त्याला काना द्यायचा. रफार अक्षर मारून झाल्यावर. पहिली वेलांटी मात्र अक्षराच्या आधी. बोटांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की मराठी टाइप करणं मला येतं, याबद्दल माझ्या मनात कधी शंकाच आली नाही. २०१२ साली मी जुना फॉन्ट सोडून युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीवर आले. आदल्या वर्षीच्या पत्रिकेचा मजकूर एका कन्व्हर्टरमधून काढला, तारीख बदलली, दशावतारी मंडळाचं नाव बदललं आणि प्रेसला पाठवला. कन्व्हर्टरने पत्रिकेतल्या प्रत्येक 'ऱ्य'चा 'र्य' करून टाकला होता आणि मी फक्त तारीख तपासली होती.

पुन्हा छापायला वेळ नव्हता. मी आणि माझी जाऊ, दोघी दुकानात खाली चटईवर बसलो. ती पांढऱ्या शाईने रफार पुसायची, शाई वाळेपर्यंत पुढची पत्रिका घ्यायची, आणि मी बारीक काळ्या पेनाने य च्या डाव्या अंगाला छोटी कोर काढायची. कोर फार खाली आली तर ती उकारासारखी दिसते, फार वर गेली तर शिरोरेषेत बुडते. पहिल्या वीसेक पत्रिका वाया गेल्या. रात्री आठला आबांचा मुलगा गठ्ठा न्यायला आला तेव्हा शेवटच्या दहाबारांची शाई अजून ओली होती.

तेव्हापासून हा र माझ्या मनातून गेलेला नाही. आपल्याकडे त्याच्यावाचून चार ओळी लिहून होत नाहीत. किनाऱ्यावर, वाऱ्याने, खाऱ्या पाण्यात, गावकऱ्यांना, शेतकऱ्यांच्या, तऱ्हा, बिऱ्हाड. त्याची कोर गेली की काही शब्द निव्वळ विचित्र दिसतात, पण काहींचा अर्थच बदलतो. दर्या म्हणजे समोरचा समुद्र आणि दऱ्या म्हणजे पाठीमागच्या घाटातल्या. आचार्यांना बोलावलं तर पूजा सांगायला कोणीतरी येईल, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण होईल. तोंडाने म्हणून बघितलं की कळतं. 'सूर्या' म्हणताना सू वर जोर येतो, 'सुऱ्या' म्हणताना सु हलका राहतो. जोर आला तिथे रफार, नाही आला तिथे कोर. हिंदीला ही कोर लागत नाही, पण आपल्याला लागते, नेपाळीला लागते, कोंकणीलाही लागते.

आता ती कशी काढायची, हे सविस्तर लिहिते, कारण आजही दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं. र, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण) आणि य असं लागोपाठ टाइप केलं की कॉम्प्युटर रफारच देणार. त्याची चूक नाही, सूर्य लिहायला तेच लागतं. कोरीसाठी वेगळा र आहे, खाली टिंब असलेला, ऱ. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक ०९३१. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या मांडणीच्या की-बोर्डवर साधा र इंग्रजी जे (J) वर आहे, आणि शिफ्ट धरून जे दाबलं की हा ऱ येतो. मग हलन्तासाठी डी, मग य, म्हणजे इंग्रजी प्रश्नचिन्हाचं बटण. तीन ठोके. मधे क्षणभर खाली टिंब असलेला ऱ दिसतो, तेव्हा घाबरून बॅकस्पेस मारू नका, य आला की टिंब जाऊन कोर येते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली हमखास तिथेच थांबतात.

दुसरी वाट म्हणजे साधा र, हलन्त, आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह, क्रमांक २००डी, आणि मग य. दिसायला अगदी तेच. पण आतून ते वेगळं असतं, आणि त्याचा फटका मला नंतर बसला. त्याबद्दल पुढे.

त्या रात्रीनंतर मी दोनशेपानी वही घातली. ज्या खुणेवर अडले ती खूण, तिचा क्रमांक, आणि कोणाच्या कामात अडले ते, असं लिहून ठेवते. पहिलं पान अर्थात ऱ्य चं. दुसऱ्यावर अंशाचं चिन्ह आहे. एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, जाळं हरवल्याचा अर्ज टाइप करायला आले होते. जीपीएसवरचा आकडा त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर उतरवून आणला होता, आपल्या देवगडसमोरचाच, १६ अंश आणि काही मिनिटं. मी अंशाऐवजी वर छोटं इंग्रजी ओ टाकून वेळ मारून नेत होते. ते म्हणाले, "बाय, ह्या शून्य वाचल्यानी तर माझी जागा खंय जायत?" खरंच होतं. सोळावर एक शून्य चढलं की एकशे साठ. आता न्यूमेरिक पॅडवर ऑल्ट धरून ०१७६ मारते, ° येतं. नम लॉक चालू हवा आणि आकडे उजवीकडच्या पॅडवरचेच हवेत, वरच्या रांगेतल्यांनी काम होत नाही. लॅपटॉपला पॅड नसेल तर वर्डमध्ये इंग्रजीतून ००बी० लिहून ऑल्ट-एक्स. मात्र त्याआधी १६ लिहिलेलं असेल तर वर्ड ते आकडेही त्यातच धरतो, म्हणून तेवढी चार अक्षरं आधी सिलेक्ट करायची. मिनिटांची तिरकी खूण २०३२, तीही तशीच.

रुपयाचं चिन्ह सोपं आहे. १५ जुलै २०१० ला ते सरकारने स्वीकारलं, आणि आता विंडोजमध्ये इंग्रजी (इंडिया) की-बोर्ड निवडला की कंट्रोल, ऑल्ट आणि ४ एकदम दाबले की ₹ उमटतं. पण सुरुवातीला एक फॉन्ट फिरत होता, त्यात ते टॅबच्या वरच्या, उलट्या टिंबासारख्या खुणेच्या बटणावर बसवलेलं होतं. माझ्या पडद्यावर ₹, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसती ती खूण. एका बागायतदारांच्या हापूसच्या पेट्यांवरची शंभर लेबलं तशीच छापून गेली. फॉन्ट म्हणजे फक्त अंगरखा, आतलं अक्षर वेगळंच असू शकतं, हे मला तेव्हा समजलं.

वकिलांचं 'ॲड.' ०९७२ ने येतं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या पाट्यांवर 'ऍड.' दिसतं. मला ते खटकतं, पण पाटी ज्याची त्याची.

वहीतलं सगळ्यात जास्त पानं खाल्लेलं काम जमिनीच्या जुन्या खंडाच्या, म्हणजे कुळाने भातात द्यायच्या भाड्याच्या, पावत्यांचं आहे. एक कुटुंब आजोबांच्या वेळचे कागद घेऊन आलं. मूळ कागद मोडीत, शेजारी कोणा जाणकाराने हाताने केलेलं बाळबोध लिप्यंतर, आणि त्याची दुसरीकडे कुठेतरी टाइप केलेली प्रत. टाइप केलेल्या प्रतीत एका कुणग्याचा (भातशेतीच्या छोट्या तुकड्याचा) खंड '४११ मण भात' होता. चार पावलांत संपणारा कुणगा, आणि वीस मणांची एक खंडी धरली तर वीस खंड्यांहून जास्त भात. घरातली आजी नुसती म्हणत राहिली, "इतक्या खंय पिकात?"

मी हाताने लिहिलेला कागद भिंगाखाली धरला. चार, आणि त्यापुढे दोन उभ्या रेघा. ४॥. साडेचार मण! टाइप करणाऱ्याने दोन रेघा म्हणजे दोन एक असं वाचलं होतं. जुन्या हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयाचे सोळा आणे, त्यात चार आण्यांची पावली म्हणजे एक रेघ. ४॥। दिसलं तर ते पावणेपाच. माझ्या वडिलांच्या दुकानाच्या वहीत हे मी लहानपणी बघितलं होतं, म्हणून ओळखलं. नाहीतर मीही ४११ च टाइप केलं असतं, हे मला ठाऊक आहे.

या रेघांना युनिकोडमध्ये स्वतःच्या जागा आहेत. पावाला ए८३०, अर्ध्याला ए८३१, पाऊणला ए८३२, त्यापुढे एक सोळांश, एक अष्टमांश, तीन सोळांश. मला हे कळलं तेव्हा खूप आनंद झाला होता. पण माझ्याकडच्या बहुतेक फॉन्टांत तिथे रिकामा चौकोन उमटतो, आणि कचेरीतल्या कॉम्प्युटरवर काय उमटेल याचा भरवसा नाही. म्हणून मी श्लोकाच्या शेवटी येतो तो दुहेरी दंड वापरला आणि पुढे कंसात अक्षरी लिहिलं, ४॥ (साडेचार) मण. कागद कोणाच्या जमिनीचा असेल तर अक्षरी लिहिल्याशिवाय मी आता प्रत हातातून सोडत नाही. मोडीलाही युनिकोडमध्ये २०१४ पासून जागा आहे. मला मोडी वाचता येत नाही, ती शिकायची आहे.

आता त्या न दिसणाऱ्या जोडचिन्हाबद्दल. गेल्या गणपतीत मुंबईहून आलेलं एक जोडपं देवस्थानाच्या वर्गणीची पावती मागायला आलं. आडनाव कऱ्हाडकर. यादी माझ्याच कॉम्प्युटरवर असते. मी कंट्रोल-एफ करून आडनाव टाकलं, उत्तर आलं, सापडलं नाही. पुन्हा टाकलं, तेच. मी त्यांना सांगितलं, तुमचं नाव यादीत नाही. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं न चुकता वर्गणी भरली होती, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. ते दोघे निघून गेल्यावर मी यादी एकेक ओळ खाली सरकवत बघितली, आणि नाव होतं. माझ्याच हातचं, काही वर्षांपूर्वीचं, साधा र आणि २००डी वापरून लिहिलेलं. मी शोधत होते ०९३१ चा ऱ. डोळ्यांना दोन्ही एकच, मशीनला दोन वेगळी माणसं. मी छत्री घेऊन त्यांच्या घरी गेले, पावती दिली आणि काय झालं ते सांगितलं. चहा घेऊनच परत आले.

तेव्हापासून रोज दुकान बंद करण्याआधी अर्धा तास जुन्या फाइली काढते आणि सगळीकडे एकच ऱ करते. एकदम बदल करता येतात, पण मी प्रत्येक शब्द बघून पुढे जाते, कारण 'अर्हता' मधला रफार खरा आहे आणि 'तऱ्हा' मधली कोर खरी आहे. वर्गणीची यादी पूर्ण झाली. पत्रिकांच्या फाइली २०१९ पर्यंत आल्यात.

यंदाच्या जत्रेचा मजकूर काल आबांच्या मुलाने आणून दिला. दुसरी ओळ तीच आहे. आबांना आता घाटी चढून दुकानापर्यंत येणं जमत नाही, म्हणून आज संध्याकाळी प्रूफ घेऊन मीच त्यांच्याकडे जाणार आहे.