सार्त्रचं कॅफे बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी

आयफेल टॉवर झाला की आपल्याकडच्या पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न येतो, ‘ते सार्त्रचं कॅफे कुठंय?’ (सार्त्र म्हणजे अस्तित्ववाद मांडणारा फ्रेंच तत्त्वज्ञ.) मग कॅफे द फ्लोर. महागडी कॉफी, दाटीवाटीच्या खुर्च्या आणि सेल्फी. माणूस काय होणार हे त्याच्या स्वतःच्या निवडीतून ठरतं, हा खरं तर अस्तित्ववादाचा गाभा. पण अस्तित्ववाद म्हणजे काळे स्वेटर घालून सिगारेट ओढत ‘सगळं निरर्थक आहे’ म्हणणारी मंडळी, असा एकूण समज.

सार्त्र आणि त्याची सहचरी, लेखिका सिमोन द बोव्हार तिथे बसायचे, पण बरंचसं उबेसाठी! १९४० ते ४४ पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं. कोळशाची टंचाई, घरं गारठलेली. फ्लोरमध्ये मात्र शेगडी पेटलेली असे. तिच्याजवळचं टेबल पकडायला बोव्हार सकाळी लवकर यायची.

कॉफी झाली की मी पाहुण्यांना आसपासच्या भिंती दाखवते. छोटीशी संगमरवरी पाटी, त्यावर ‘इथे पडला’ (म्हणजे जर्मनांशी लढताना मारला गेला), नाव, ऑगस्ट १९४४ची तारीख. काही पाट्यांखाली लोखंडी कडी असते. शहर जर्मनांच्या ताब्यातून सुटलं त्या २५ ऑगस्टच्या सुमारास तिच्यात फुलं खोचतात. त्याच गल्लीत कुणी खिडक्या लावून गप्प बसलं असेल. शेजाऱ्याविरुद्ध निनावी चिठ्ठ्या पाठवणारेही त्या काळात कमी नव्हते. फ्रान्सचं सरकारच जर्मनांना सामील, मग बरोबर काय हे विचारायचं कुणाला?

२९ ऑक्टोबर १९४५ला सार्त्रने तुडुंब गर्दीपुढे व्याख्यान दिलं, त्यात हाच पेच आहे. एक विद्यार्थी सल्ला मागायला येतो. भाऊ १९४०च्या लढाईत गेलेला, आई एकटी, तिचा सगळा जीव याच्यात. इंग्लंडला पळून जर्मनांविरुद्धच्या लढ्यात सामील व्हावं की आईजवळ राहावं? सार्त्रचं उत्तर : तू मोकळा आहेस, तूच निवड. ऐकायला कोरडं वाटतं, पण चार वर्षं असे निर्णय घेऊन किंवा टाळून आलेल्या श्रोत्यांना ते झोंबलं असणार. (सार्त्र स्वतः १९४६मध्ये आईकडे राहायला गेला, तोही चाळिशीत!)

त्याला वीरपुरुष करायची गरज नाही. १९४३मध्ये त्याचं नाटक जर्मन सेन्सॉरच्या परवानगीनेच रंगमंचावर आलं होतं. जर्मनांविरुद्ध गुप्तपणे निघणाऱ्या ‘कोंबा’ या वृत्तपत्राचं काम करणारा लेखक काम्यू मला जास्त जवळचा वाटतो.

वाचायचंच असेल तर सार्त्रचा १९४३चा जाडजूड ग्रंथ राहू द्या. ते व्याख्यान छोट्या पुस्तकात मिळतं, परतीच्या विमानात आरामात संपतं.